अकरावा फोन

गोव्याहून येणारी बस कापूरहोळच्या चौकात माणसं उतरवत नाही, टाकते. भाद्रपदातल्या त्या सकाळी तिने इंद्रजितला आणि त्याच्या चाकाच्या बॅगेला असंच टाकलं, आणि भुरभुर पावसातून तो पंक्चरवाल्याच्या पत्र्याखाली शिरला. तिथे आधीच एक मुलगी उभी होती. तिच्या स्कूटीचं मागचं चाक निघालेलं होतं आणि एक निळा डबा तिने पोटाशी असा धरला होता, जणू आत तान्हं मूल असावं.

"काय आहे त्यात?" त्याने विचारलं.

"लस. शेळ्यांची." ती डब्याकडेच बघत होती. "बर्फ वितळायला लागलाय. वर वाडीत दोनशे शेळ्या बांधून ठेवल्यात माझ्यासाठी... आणि हे दादा म्हणतात अर्धा तास."

"अर्धा म्हंजी तास धरा," पंक्चरवाला प्रामाणिकपणे म्हणाला.

इंद्रजित समोरच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात गेला आणि पिशवीभर बर्फ घेऊन भिजत परत आला.

"एवढा?" ती म्हणाली. "मासळी विकायला बसू का मी हितं?"

त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तिने त्याला नीट न्याहाळलं.

"हसला नाहीत तुम्ही."

"हसलो. आतल्या आत."

"पोलिसात आहात?"

"पत्ते खेळतो."

"ते आमच्याकडं पारावर पण खेळतात. बॅग घेऊन कुणी जात न्हाई."

गेली नऊ वर्षं गावी, शिवऱ्यात, त्याची आई, बाळाबाई, सगळ्यांना सांगत होती की पोरगा हॉटेल लायनीत आहे. ते खोटंही नव्हतं. वर्षातले दोनशे दिवस तो हॉटेलातच असायचा. पण या अनोळखी मुलीला त्याने खरं ते सांगून टाकलं. पोकर म्हणतात त्याला. गोवा, मनिला, व्हिएतनाम... जिथे स्पर्धा, तिथे जायचं. दोन पत्ते आपल्या हातात, पाच सगळ्यांच्या मध्ये उघडे, आणि बाकीचा खेळ तोंडावर. तोंड बंद ठेवायचं, म्हणजे चेहऱ्यासकट.

"मग समोरचा थापा मारतोय ते कळतं तुम्हाला?"

"बऱ्याचदा. श्वासावरून... हातावरून."

"आमचं सोपं असतंय," ती म्हणाली. "शेळीचा कान धरायचा. गरम लागला की ताप." आणि काय मनात आलं कोण जाणे, तिने दोन बोटांनी त्याच्या कानाची पाळी धरली. क्षणभरच. "ताप आहे," ती गंभीरपणे म्हणाली, आणि मग इतकी हसली की पंक्चरवाल्याच्या हातातला पाना पडला.

तिचं नाव धनश्री. वेल्ह्याकडच्या एका वाडीत तिचे वडील सोनबा शेळ्या-मेंढ्या राखत. तिने पशुसंवर्धनाची पदविका घेतली होती आणि दोन तालुक्यांतल्या जनावरांना ती कंत्राटी पद्धतीने टोचत फिरे. पुढच्याच आठवड्यात तिला शिवऱ्यातल्या गाई टोचायची आठवण झाली. त्या गाईंना आधीच टोचून झालं होतं, ही गोष्ट इंद्रजितचे वडील कुंडलिकअप्पा सोडून कुणाच्या लक्षात आली नाही, आणि अप्पांनी ती कुणाला सांगितली नाही. ते फक्त चहा ठेवायला सांगत आणि गोठ्याकडे निघून जात.

मग इंद्रजित पुन्हा दौऱ्यावर जाई, आणि फोन सुरू होत.

"कसंय मनिला?"

"गालिचा लाल आहे."

"आणि गोवा?"

"तिथं पण लाल. खिडक्या नसतात, धनश्री. घड्याळ नसतं. बाहेर ऊन आहे का पाऊस, ते नव्याने आलेल्या माणसाच्या बुटांवरून ओळखायचं."

लोकांना वाटतं, या धंद्यात माणूस जग बघतो. इंद्रजितने अकरा देशांतली विमानतळावरची शौचालयं बघितली होती. दिल्लीचा एक खेळाडू सहा वर्षं अधूनमधून त्याच्या शेजारी बसायचा. तो थाप मारताना डाव्या नाकपुडीने श्वास घेतो, हे इंद्रजितला ठाऊक होतं. त्याचं नाव मात्र त्याला, तो हॉटेलच्या खोलीत मेल्यावर, श्रद्धांजलीच्या मेसेजमधून कळलं.

हे त्याने धनश्रीला सांगितलं, तेव्हा ते दोघं भाटघर धरणाच्या पाण्याकाठी बसले होते. ती गवताच्या काड्या मोडत होती.

"आमचे आबा म्हणतात, पोरगा काय करतो ते चारचौघांत सांगता आलं पायजे," ती म्हणाली. "माझं तसं काही न्हाई. खेळ तू. फक्त एक सांग... मी फोन केला, तर उठशील?"

"डाव टाकून?"

"हां. डाव टाकून."

"उठीन."

"चेहरा बघू?"

त्याने चेहरा तिच्याकडे केला. तिने बघितला, आणि त्यातलं तिला काय कळलं कोण जाणे, पण डोकं त्याच्या खांद्याला टेकवलं. पाण्यावरून वारा येत होता. तेवढ्या एका दुपारी इंद्रजितला घड्याळ हवंसं वाटलं नाही.

माघात तो मनिलाला स्पर्धेच्या शेवटच्या टेबलापर्यंत, म्हणजे अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. त्याच सकाळी शिवऱ्यात अप्पा गोठ्यात खाली बसले ते उठेचनात. योगायोगाने धनश्री गावात होती. तिनेच टेम्पो बोलावला, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि भोरच्या दवाखान्यातून इंद्रजितला फोन लावायला सुरुवात केली.

नंतर इंद्रजितने हॉटेल लायनीचं सोंग टाकून सगळ्यांना सांगितलं, शेवटच्या टेबलाला फोन बाहेर जमा करून घेतात. नियमच आहे. गावाला ते पटलं. परदेशातल्या नियमाबद्दल गावाला आदर असतो. तो तिसरा आला होता, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. आणि तो पोहोचेपर्यंत अप्पांना चुलतभाऊ हनुमंतने अग्नी देऊन दोन दिवस झाले होते.

दहाव्याला नदीकाठी सहाशे माणूस होतं. कीर्तनकारांनी तास घेतला. मग तालुक्यातल्या दोन विद्यमान आणि एका माजी पदाधिकाऱ्याने अप्पांना श्रद्धांजली वाहिली. त्यातल्या एकाने नाव कोंडिबा घेतलं, पण कळकळ खरी होती. पिंड मांडला. सगळे मागे सरले. समोरच्या बाभळीवर चार कावळे बसले होते आणि त्यांना अजिबात घाई नव्हती.

पाऊण तास गेला. कावळा शिवेना म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली, असा इकडचा समज. मग ती ओळखून मोठ्याने वचन द्यायचं असतं.

"गायी इकायच्या न्हाईत, शबूद देते," बाळाबाई रडत म्हणाली. कावळे ढिम्म.

"आप्पा, बांध म्या कोरलाय त्यो भरून देतो," हनुमंत म्हणाला. गर्दीत कुजबूज झाली, कारण आजवर तो ते नाकबूल करत होता. कावळ्यांना शेतीत रस नव्हता.

मग सगळे इंद्रजितकडे बघायला लागले.

"म्हण की इंद्या," हनुमंत कानाशी आला. "पत्तं सोडतो म्हण. धंदा ठावं हाय समद्यास्नी, आता काय लपवायचं? नुस्तं म्हण, मागनं काय करायचं ते कर."

नुसतं म्हणायचं. नऊ वर्षं त्याने दुसरं काय केलं होतं? हातात काही नसताना सगळं आहे असं दाखवायचं, हीच त्याची भाकरी. पण समोर कावळे होते, ज्यांना काही जिंकायचं नव्हतं. आणि वर घाटावर, बायकांच्या घोळक्यात, पांढऱ्या ओढणीत धनश्री उभी होती. तो आल्यापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आत्ता मात्र ती सरळ त्याच्याकडे बघत होती.

त्याने तोंड उघडलं.

"अप्पा... फोन जमा नव्हता." आवाज त्याला स्वतःला अनोळखी वाटला. "खिशात होता. दहा वेळा मांडीला थरथरला. कुणाचा ते मी बघितलं होतं. मला वाटलं, पाच मिनिटं. हातात दोन राजे होते, अप्पा... म्हटलं, एवढा डाव होऊ दे. मी उठलो नाही."

सहाशे माणसं गप्प झाली. एवढी शांतता त्या पदाधिकाऱ्यांना मिळाली नव्हती. बाळाबाईने पदर तोंडात कोंबला. कावळे त्यानंतरही आले नाहीत. गुरुजींनी शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला, आणि लोक जेवायला वळले.

धनश्री खाली आली. घाटाच्या शेवटच्या पायरीवर, त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून उभी राहिली.

"मला म्हाईत होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"दहा फोन नुसते वाजले. अकरावा कट झाला. जमा केलेला फोन कोण कट करतं, इंद्रजित?"

त्याने बोटातली दर्भाची अंगठी काढून पाण्यात सोडली.

"आलास तेव्हापासून वाट बघत होते... सांगतोस का न्हाई ते. नसतं सांगितलंस तर इथवर आलेच नसते."

"आलीस ना." त्याने तिच्याकडे बघितलं. "धनश्री, माझं तुझ्यावर..."

"ते कापूरहोळपासून ठाऊक आहे मला. माझं पण आहे. त्याचं काय घेऊन बसलास?" ती पाण्याकडे वळली. "अप्पा विचारत होते, लागला का फोन. अकराव्या फोननंतर मी म्हटलं, हो. निघालाय म्हणाला, अप्पा. विमानात बसला. त्यांना लई बरं वाटलं रे... मग दाराकडं तोंड करून पडले. दाराकडं बघत बघतच गेले."

नदीचं पाणी पायरीला लागून सरकत होतं.

"मी कुणाशी खोटं बोलत न्हाई," ती म्हणाली. "त्या दिवशी बोलले. तुझ्यासाठी. आणि तू घरात आलास की दर वेळी मला ते दार दिसंल. लग्न न्हाई करू शकत मी तुझ्याशी. मन लई आहे... पण न्हाई."

इंद्रजितचा चेहरा मग सुटला. आधी हनुवटी, मग ओठ, मग सगळंच. तो पायरीवर बसला आणि सहाशे माणसांच्या जेवणाच्या गलक्यात हमसून हमसून रडला. रडायला त्याला नीट येत नव्हतं, त्यामुळे त्याचा आवाज जरा विचित्र होत होता. धनश्री खाली बसली. तिने त्याच्या पाठीवर तळहात ठेवला, आणि पहिली पंगत उठेपर्यंत तो तिथून काढला नाही. त्या दोघांच्या संसाराची एकूण लांबी तेवढीच.

मग ती उठली, ओढणी सारखी केली आणि पायऱ्या चढायला लागली. मागे वळली असती तर तिच्या चेहऱ्यावरून त्याला सगळं कळलं असतं, आणि तो तिच्यामागे धावला असता. ती वळली नाही.