वर सरकलेल्या ओळी

पाणीपुरवठ्याच्या कंट्रोल रूममध्ये ती बदलून आली, त्याच दिवशी तिचं त्याच्याशी बिनसलं. सकाळची पाळी तिची, दुपारची त्याची. तो आला, खुर्चीत बसला आणि काळ्या स्क्रीनवर 'क्लिअर' टाइप करून मोकळा झाला. तिने सकाळभर तपासलेल्या पाइपांचे आकडे दिसेनासे झाले.

"अहो, माझं काम होतं ते…"

त्याने माउसचं चाक फिरवलं. आकडे जसेच्या तसे परत आले.

"पुसलं नाही. वर सरकवलं फक्त. बसल्यावर समोर मोकळं लागतं मला."

सगळे त्याला पुसणेकर का म्हणतात, ते तिला तेव्हा कळलं. पुढे हेही कळलं, की त्याची बायको आजारात गेली आणि तेव्हापासून तो कुणाशी कामापलीकडे बोलत नाही.

तिच्याशी मात्र बोलू लागला. पाळीच्या आधीच येऊ लागला. तिचीही बस चुकू लागली. रोज कशी चुकते, असं त्याने एकदा विचारलं, तर बस लहरी आहे म्हणाली. तो हसला… ऑफिसातल्या शिपायाने मान वळवून पाहिलं.

आईला सुगावा लागलाच. "माणूस चांगला असेल गं," आई म्हणाली. "पण त्याच्या मनात ती आहे. तू कुठे मावणार?"



मग नवं मशीन आलं. पहिल्याच दुपारी त्याने सवयीने क्लिअर केलं. तिने चाक फिरवलं. वर काहीच नव्हतं. इथे तोच शब्द मागचंही सगळं पुसून टाकत होता.

तो पांढराफटक पडला. आकड्यांसाठी कुणी इतकं पांढरं पडत नाही. पुन्हा घेऊ या, असं ती समजावत राहिली, आणि दोघांनी एकेक पाइप नव्याने तपासला. शेवटचा आकडा आला तेव्हा टाकीची सावली खिडकीपर्यंत पोचली होती.

"लोक म्हणतात, आता विसर तिला." तो पहिल्यांदाच अहो-जाहो सोडून बोलत होता. "मला नाही जमणार. तुला खोटं सांगायचं नाही… म्हणून विचारत नाही."

तिने कीबोर्ड ओढून घेतला. त्या शब्दाला एक छोटा एक्स जोडला की मागचं शाबूत राहतं, हे तिने मघाशी मदतीच्या पानावर वाचलं होतं. तो आपोआप जोडला जाईल अशी सोय तिने केली, क्लिअर केलं आणि माउस त्याच्या हाताखाली सरकवला. त्याने चाक फिरवलं. सगळे आकडे होते.

"त्या राहू देत वर," ती म्हणाली. "खाली मला जागा आहे का, तेवढं सांगा."

 तो चाक सावकाश उलटं फिरवत मोकळ्या ओळीपर्यंत आला.

"आईंना भेटायला कधी येऊ?"