ओढ्याकाठचं इनाम

मी त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो भर पावसात उभा होता आणि छत्री डोक्यावर नाही, पिशवीवर धरली होती. आता असला माणूस बघून कुणी गप्प बसेल का? मी तर नाहीच बसत. घरात मला ‘कातर’ म्हणायचे, ते काही नुसतं मी कपडे शिवायची म्हणून नाही.

“अहो,” मी म्हटलं, “पिशवीला सर्दी होते का?”

त्यानं मान वर केली. नाकाच्या शेंड्यावरून पाणी टपकत होतं. “आत जुने कागद आहेत. मी भिजलो तर वाळेन... ते भिजले तर संपले.”

“आणि निघालाय कुठं असे?”

त्यानं पत्ता सांगितला. पत्ता आमचाच होता!

त्याचं असं झालं होतं की आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घराण्याचा इतिहास लिहून घ्यायचं खूळ लागलं होतं. सगळी भावकी एका दिवशी जमवायची आणि तिच्यापुढं तो मोठ्यानं वाचायचा, असा बेत. पेटीभर जुने कागद होते, पण ते अक्षर आमच्यात कुणाला लागत नव्हतं. मला तर छापलेलं वाचतानाच घाम फुटायचा. म्हणून हा माणूस बोलावला. जुनी खरेदीखतं, जमिनीच्या सनदा वाचायच्या, हेच त्याचं काम. डोळ्याला सदा भिंग, म्हणून आम्ही त्याला भिंगवाला म्हणायला लागलो.

पुढच्या खोलीत खिडकी एकच. तिथं माझं शिवणयंत्र. आता तिथंच त्याचं टेबल आलं. उजेड अर्धा माझा, अर्धा त्याचा.

“यंत्र जरा थांबवता का?” तो म्हणायचा. “टेबल हलतं. अक्षरं नाचतात.”

“नाचू द्या की. एवढी वर्षं पेटीत पडून अंग आखडलं असेल त्यांचं.”

तो हसायचा, पण खाली बघून. कान मात्र लाल व्हायचे... आणि मी यंत्र थांबवायची. उगाचच सुईत दोरा ओवत बसायची. दोरा आधीच ओवलेला असायचा, ही गोष्ट वेगळी.

मग तो सांगायचा. कागदात दोन माणसं असतात म्हणे, एक लिहून देणार, एक लिहून घेणार. देणारा वर, घेणारा खाली. “आणि कागद दोन्ही बाजूंनी वाचायचा,” तो म्हणायचा, “कोण काय देतंय ते आणि का देतंय ते.” सांगताना त्याचा आवाज असा हळू व्हायचा, जसं काही ती मेलेली माणसं शेजारी झोपली आहेत. मी ऐकायची. कळायचं निम्मं, पण आवडायचं सगळं.

त्याच खोलीच्या भिंतीवर आमच्या घराण्याची शान टांगलेली होती. काचेच्या चौकटीत एक पिवळा कागद. आमच्या मूळपुरुषानं लढाईत पराक्रम केला, म्हणून राजानं ओढ्याकाठची जमीन इनाम दिली. पोरांना दूध पाजताना हीच गोष्ट, लग्न जमवताना हीच गोष्ट. आबा तर शिंकले तरी त्या कागदाकडं बघून शिंकायचे.

एकदा चहाच्या वेळी आतल्या खोलीत थोरली आत्या आबांना म्हणाली, “पोरगा बरा वाटतो रे. आपल्या कातरीला असंच मऊ कापड पाहिजे.”

आबांनी कप खाली ठेवला. “अक्का, घर ना दार त्याला. भाड्याची खोली आणि डोळ्याला भिंग. आज पोरगी दिली तर उद्या वळकटी घेऊन इथंच येईल. आपल्यात जमीन तलवारीवर मिळवलीय. घरजावई नाही पोसला कुणी.”

पडद्याच्या अलीकडं आम्ही दोघं होतो. त्यानं भिंग उचललं, पुसलं, परत ठेवलं. मी यंत्र इतक्या जोरात चालवलं की बाही उलटी शिवली गेली.

भावकी जमायच्या आदल्या दिवशी त्यानं चौकट खाली उतरवली. काचेवर उजेड चमकायचा, नक्कल नीट करता येत नव्हती. कागद बाहेर काढला आणि बघतच बसला.

“काय झालं?”

“हा कागद मधोमध फाटला होता. कुणीतरी खळ लावून जोडलाय.”

“आजोबांनी. त्यांनीच चौकट केली.”

“हं... जरा कसरीची भोकं बघा.”

मी वाकले. तोही वाकला. त्याचा श्वास माझ्या गालाला लागत होता, पण त्याचं ध्यान भोकांत! मग त्यानं समजावलं. कागद घडी करून ठेवलेला असतो. कीड खाते ती आरपार खाते. म्हणून घडी घातली की वरच्या अर्ध्याची भोकं खालच्या अर्ध्यावर बरोबर बसली पाहिजेत. आमच्या कागदाची बसत नव्हती. एकही नाही.

पेटीत असे फाटके तुकडे बरेच होते. तो एकेक लावून बघत गेला. संध्याकाळ व्हायच्या आत एक बसला, मूळपुरुषाचं नाव असलेल्या खालच्या अर्ध्यावर... भोकाला भोक. तो मनातल्या मनात वाचत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

“वाचा ना मोठ्यानं!”

“वरचा लढाईचा तुकडा दुसऱ्याच कुणाच्या सनदेचा आहे,” तो म्हणाला. “तुमच्या मूळपुरुषाला जमीन राजानं नाही दिली. सासऱ्यानं दिली. त्यात सासरा लिहितो — ‘तुम्ही रिकाम्या हातानं आमच्या दारी आलात, आमच्या मुलीला जिवापाड जपलंत, आमचं घर आपलं मानलंत, म्हणून ओढ्याकाठची जमीन तुम्हाला इनाम.’”

मला हसू आवरेना. “म्हणजे घरजावई!”

तो हसला नाही. तुकडे घडी करून ठेवायला लागला. “मी उद्या येणार नाही. आबांना सांगा, अक्षर लागलं नाही.”

“का?”

“मी हे वाचलं तर सगळे म्हणतील, भिंगवाल्यानं आपल्या सोयीचं वाचलं. आबा मला पुन्हा दारात उभं करणार नाहीत. आणि मग...” तो थांबला. “मग मी तुम्हाला बघणार कुठं?”

झालं. एवढं बोलायला त्याला अख्खा हंगाम लागला, आणि बोलला ते निघून जाताना! माझ्या डोळ्यात पाणी आलं, पण जीभ काही ऐकते होय?

“खोटं बोलून तोंड लपवणाऱ्याला मी तरी कशाला बघू?” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो आला. घर माणसांनी भरलेलं, पोरं दारात लोंबकळलेली. तो उभा राहिला आणि त्यानं वाचलं. सगळं वाचलं, भोकांचा हिशोबही सांगितला. एक शब्द गाळला नाही.

मग काय विचारता! धाकटा काका उठून ओरडला, “बनाव आहे! ह्याला पोरीच्या घरात शिरायचंय!”

आबांनी माझ्याकडं हात केला. “सुई दे.”

मी लांब सुई दिली. आबांनी आधी चौकटीतल्या कागदाची घडी घातली आणि एका भोकात सुई घालून बघितली. अडली. दुसरीकडं घातली, अडली. मग नवा तुकडा लावला. सुई आरपार गेली. दुसऱ्या भोकातून गेली. तिसऱ्यातून गेली. आबांचा हात तिथंच थांबला.

आत्या खुदकन हसली. “म्हणजे रे, आपलं अख्खं घराणंच वळकटी घेऊन आलेलं!”

आधी एक हसला, मग दुसरा, मग काकासुद्धा मिशीतल्या मिशीत. आबा नाही हसले. सुई माझ्या हातात परत देत त्याला म्हणाले, “गप्प बसून सुटता आलं असतं तुम्हाला.”

“हो.”

“मग का वाचलं?”

“लिहिलं होतं म्हणून,” तो म्हणाला.

“मला काय विचारू नका आता,” आबा पुटपुटले. “जे विचारायचं ते तिला विचारा.” आणि आत निघून गेले.

तो मागच्या दारी आला. बाहेर बारीक पाऊस होता. मी पायरीवर बसले होते. बोलायला तोंड उघडलं तर बिचाऱ्याच्या तोंडून खतातलीच भाषा निघाली.

“लिहून देणार मी... राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं, कुणाच्या दडपणाशिवाय...”

“काय देणार?”

“मीच आहे. दुसरं काही नाही.”

“मग चारी बाजूंच्या सीमा सांगा. नंतर वाद नको.”

“पूर्वेला तुमचं यंत्र. पश्चिमेला माझं टेबल. उत्तरेला माझी भाड्याची खोली, लहान आहे, पण इथं राहायला नाही येणार मी...”

“आणि दक्षिणेला?”

“दक्षिणेला तुमची जीभ. तिकडं कुंपण घालायची माझी छाती नाही.”

मला हसू आणि रडू एकदम आलं. “कबूल,” मी म्हटलं. “पण साक्षीदार?”

दाराआडून आबांचा खोकला आला. “एक इथं आहे. दुसरा शोधा.”

“दुसरी मी!” आत्या ओरडली.

पुढं कैक वर्षांनी आबा वारले, आत्याही गेली. साक्षीदार आता कुणी राहिले नाहीत. पण व्यवहार अजून चालू आहे... राजीखुशीनं.