पुन्हा विचारू नका

कॉम्प्युटर घरी येऊन आठवडा झाला, तरी मी तो इंटरनेटला जोडू दिला नव्हता. मुलगी रुसली होती, बायको वैतागली होती आणि मी कागदावर रकाने आखून बसलो होतो. कुठला अँटिव्हायरस मशीन जड करतो, कुठला फुकट मिळतो आणि नंतर डोकं खातो, कुठली फायरवॉल फक्त बाहेरून येणाऱ्याला अडवते आणि कुठली आतून बाहेर जाणाऱ्यालाही. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं घासलेला माणूस आहे मी. आकडा दोनदा बघितल्याशिवाय लिहीत नाही, असं सगळीकडे सांगतो.

"अहो, एवढा घोळ कशाला घालताय?" बायको म्हणाली. "दादाला बोलवा. अर्ध्या तासात बसवून देईल सगळं."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. स्वतःच्या घराखालच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतात.

"त्यांना कशाला त्रास," मी म्हणालो.

त्रास त्यांना होणार नव्हता, मला होणार होता. तीन वर्षांपूर्वी दादा माझ्याच प्रयोगशाळेत होते, माझ्या वरच्या जागेवर. प्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती आणि ती त्यांनाच मिळणार हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. एका दुपारी निरोप आला, सासूबाईंना, म्हणजे दादांच्या आईला, दवाखान्यात हलवलंय. नऊ नमुने तपासायचे राहिले होते. "तुम्ही जा दादा, मी बघतो," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी मी आकडे दिले आणि त्यांनी डोळे मिटून सही केली. आकडे मी मनाचे घातले होते. पुढच्या आठवड्यात वरच्या कचेरीत एक निनावी पत्र पोचलं: मास्तर नमुने न तपासताच नोंदवही भरतात, त्या तारखेच्या बाटल्यांची सीलं बघा, अजून तशीच आहेत.

ते पत्र मी लिहिलं होतं. घ्या, सांगून टाकलं.

पत्रात मी त्यांना मुद्दाम 'मास्तर' म्हटलं होतं, कारण त्यांना तसं फक्त आमचा बाटल्या धुणारा म्हणायचा. संशय बरोबर त्याच्यावर गेला. चौकशीत दादांनी आकडे देणारा म्हणून माझं नाव घेतलं नाही. बहिणीचा संसार होता ना मध्ये. "सही माझी आहे," एवढंच बोलले आणि राजीनामा देऊन घरी गेले. खुर्ची मला मिळाली. अजूनही सणसमारंभाला भेटले की ते माझ्या पाठीवर थाप मारतात आणि मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटतं.

तर, अँटिव्हायरस मी माझ्या हातानंच बसवला. फायरवॉलही आतून जाणाऱ्याला विचारणारी निवडली. शनिवारी दुपारी पहिलं स्कॅन लावलं. हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली आणि खाली उमटलं: धोके, एक.

नव्या कोऱ्या मशीनमध्ये धोका? फाइलला नाव नव्हतं. उघडली.

माझं पत्र होतं. पहिल्या ओळीपासून खालच्या कोऱ्या जागेपर्यंत, शब्द न् शब्द. ते मी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका सायबर कॅफेत टाइप केलं होतं, एकच प्रत छापली होती आणि जपून काहीच ठेवलं नव्हतं. त्या मशीनचा आणि या मशीनचा काडीइतकाही संबंध नव्हता.

मी फाइल पुसली. रविवारी स्कॅन लावलं. धोके, एक.

दुसरा अँटिव्हायरस आणला. मग तिसरा. तीन डॉक्टर झाले, निदान बदललं नाही. दिवसातून दोनदा पुसायचो आणि माझी पाठ वळली की ते परत तिथे असायचं.

सोमवारी कचेरीतून आलो तर बायको म्हणाली, "अहो, सकाळी तो कॉम्प्युटर काहीतरी विचारत होता. मी 'हो' दाबणार होते, तेवढ्यात दूध उतू गेलं."

फायरवॉलची नोंद उघडली. अकरा वाजून दहा मिनिटांनी एक फाइल बाहेर जाऊ पाहत होती. कुठे, तर आकड्यांचा एक पत्ता. उत्तर मिळालं नाही म्हणून अडवली गेली. मंगळवारी पुन्हा तेच, त्याच मिनिटाला. बुधवारीही. फाइल आपण होऊन कुठे जात नाही हो, पाय असतात का तिला? मी घरात सक्त ताकीद दिली, सकाळी मशीन चालू करायचं नाही. गुरुवारी मशीन बंद होतं. नोंद मात्र होती.

असा महिना गेला. तीन अँटिव्हायरस एकमेकांच्या उरावर बसल्यामुळे मशीन गोगलगाय झालं होतं. एक पान उघडायला पाच मिनिटं. शेवटी बायकोनं मला न विचारता फोन केला आणि रविवारी सकाळी दादा दारात उभे.

"काय मेहुणे, आम्हाला विसरलात होय?"

ते खुर्चीत बसले. मी मागे उभा राहिलो. त्यांच्या शर्टाची कॉलर उलटून शिवलेली होती. ते माझ्या नजरेतून सुटेना.

"तीन-तीन? अहो, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तुम्ही तीन कोंबल्यात!" ते खळखळून हसले. दोन काढून टाकले. मग म्हणाले, "आता एकदा स्कॅन करू."

"राहू द्या ना दादा. चहा घ्या आधी."

"चहा होईपर्यंत स्कॅन होईल."

हिरवी पट्टी सरकू लागली. मी घड्याळाकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. पडद्यावर चौकट उघडली: ही फाइल बाहेर जाऊ पाहते आहे. परवानगी द्यायची?

दादांचा हात थांबला. त्यांनी ते आकडे बोट लावून वाचले.

"हा तर माझ्या दुकानाचा पत्ता."

मी त्यांच्या खांद्यावरून पुढे वाकलो.

"म्हणजे तुमच्याकडेही शिरलं हे," ते हळू आवाजात म्हणाले. "माझ्या बहिणीला सांगू नका. ते पत्र आठवतं ना? राजीनामा दिला त्या आठवड्यापासून मला रोज येतं. मशीन बदललं, जोडणी बदलली, तरी येतं. आधी वाटलं कुणीतरी टवाळी करतंय. मग सवय झाली. पाठ आहे मला."

"रोज?"

"रोज. आणि खाली कोरं असायचं ना, तिथे या वर्षी काहीतरी उमटायला लागलं होतं. नाव असावं. दिवसाला केसाएवढं पुढे सरकायचं. पहिलं अक्षर लागणार असं वाटत होतं, तर महिन्यापूर्वी यायचंच थांबलं." त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. डोळे अगदी स्वच्छ होते. "जाऊ द्या की एकदा. बघू तरी कोण होता तो."

ते उठले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. "मशीन तुमचं. परवानगी तुम्हीच द्यायची."

मी बसलो. खुर्ची त्यांच्या अंगानं गरम होती. मनात आलं, आता बोल. फार तर ते कानफटात मारतील, बायको चार महिने बोलणार नाही, पण सुटशील.

मी 'कधीच नाही' दाबलं. खाली एक बारीक चौकोन होता: पुन्हा विचारू नका. त्यावरही खूण केली.

चौकट मिटली. स्कॅन संपलं. धोके, शून्य.

दादांनी पडद्यावरचं शून्य वाचलं. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंत. कशाला ती घाण घरात. तुमच्यासारखं माणूस पाठीशी आहे, बास झालं."

मला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं. आणि खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखंही वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटली.

त्यानंतर मशीन पाण्यासारखं चालायला लागलं. मुलगी खूश झाली. नोंदीत काही नाही, स्कॅनमध्ये काही नाही. मी मात्र जेवताना मध्येच थांबायचो.

गुरुवारी संध्याकाळी दादांचा फोन आला.

"मेहुणे, ते बंदच झालं हो. लिहिणारा खपला वाटतं कुठेतरी." आवाज हलका होता, कित्येक वर्षांत ऐकला नव्हता तसा. "आज मी त्या बाटल्या धुणाऱ्याच्या घरी जाऊन आलो. तीन वर्षं तोंड बघितलं नव्हतं त्याचं. अंथरुणाला खिळलाय. रडला हो. म्हणाला, मास्तर, पोरांची शपथ, मी नव्हतो. मी म्हटलं, असू दे, जे झालं ते झालं. पण विश्वास काही बसला नाही माझा. तुम्हाला काय वाटतं?"

यापुढे मला धरवेना.

"दादा," मी म्हणालो, "ते पत्र मी लिहिलं होतं."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"हॅलो?" ते म्हणाले.

"मी लिहिलं होतं, दादा. तो नव्हता. मी."

"हॅलो? मेहुणे? ऐकू येत नाहीये."

मी उभा राहिलो. फोन तोंडाशी धरला आणि ओरडून सांगितलं. बाटल्या, आकडे, सायबर कॅफे, खुर्ची, सगळं. घसा खरवडून निघाला. मानेची शीर ताणलेली मला जाणवत होती.

बायको ओले हात पदराला पुसत दारात येऊन उभी राहिली होती. ती माझ्या तोंडाकडेच बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "केव्हाचा हॅलो हॅलो करतोय दादा, इथवर ऐकू येतंय. बोला ना काहीतरी."