हात नाही, कोपर

"चला ताई, चला! गाडी सुटंल!"

असं म्हणत कुणीतरी माझं मनगट धरलं, आणि मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत मला एस.टी.त चढवून सीटवर बसवलंसुद्धा.

शिरूरच्या स्टँडवर त्या दिवशी माझी परीक्षा होती. मला दिसत नाही, जन्मापासूनच. आमच्या केंद्रातल्या अनिता मॅडम आम्हा मुलींना पांढरी काठी घेऊन एकटीनं प्रवास करायला शिकवतात. दौंडची गाडी मी स्वतः शोधायची, मॅडम लांबून नुसत्या बघणार. रस्ता खुशाल विचारा, पण कुणी धरून नेलं तर फेरी बाद.

आणि हा परोपकारी माणूस मला नगरच्या गाडीत बसवून मोकळा झाला होता!

कंडक्टरकडून ते कळल्यावर मी तणतणत खाली उतरले. तो तिथंच उभा होता. कपड्यांना तापल्या लोखंडाचा वास येत होता.

"मी काय बाजारात न्यायची शेळी आहे, मनगट धरून ओढायला?"

"तुमी त्या गाडीपाशीच हुब्या होता... मला वाटलं, मदत—"

"मदत? वाट लावलीत माझी!"

मला रडू येत होतं, म्हणून जास्तच ओरडले. आमचे आप्पा, म्हणजे माझे वडील, त्यांनी मला बजावलं होतं, "एकटी दौंडला पोचून दाखव, मंग तिथल्या वसतिगृहात ऱ्हा, संगणक शिक. न्हाई जमलं तर आपलं वडगाव रासाईच बरं." आप्पांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. प्रवेशाची मुदत संपत आलेली, आणि मॅडमनी येऊन सांगितलं, "फेरी बाद, सुलक्षणा. आता सोमवारी एकदाच. मग नाही."

तो सगळं ऐकत होता. पुढं येऊन म्हणाला, "मंग... धरायचं कसं असतं? सांगता का?"

भोळा सांबच! माझा निम्मा राग तिथंच उतरला.

"धरायचंच नाही. आधी विचारायचं. मी हो म्हटलं तर तुम्ही नुसतं उभं राहायचं. कोपर मी धरणार. कधी सोडायचा तेही मीच ठरवणार."

"म्हंजी सगळं तुमच्याच हातात?"

"सगळं."

"बरं हाय की," तो म्हणाला. हसू दाबत होता, ते मला कळलं.

त्याचं नाव इंद्रजीत. पाबळला वेल्डिंग शिकलेला, दौंडला खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या एका शेडमध्ये कामाला, शिरूरहून रोज ये-जा. त्या आठवड्यात मॅडम मला रोज सकाळी स्टँडवर सरावाला आणायच्या, आणि रोज तो लोखंडाचा वास यायचा. दोन हात लांब थांबून विचारायचा, "इंद्रजीत हाय. बोलू का?"

"बोला."

एकदा त्यानं डोळ्यांवर रुमाल बांधून माझी काठी मागून घेतली आणि पहिल्याच दणक्यात एका भाजीवाल्या आजींच्या पाटीत खुपसली. आजींनी जी लाखोली वाहिली... अगं बाई! मी पोट धरून हसले.

"हसू नका ताई, घाम फुटलाय मला."

"ताई म्हणू नका."

"मंग काय म्हणू?"

मी काठी परत मागितली. कान मात्र तापले होते. त्यानं "देऊ का?" विचारून मगच ती दिली, आणि मला ते फार आवडलं.

सोमवारी मी दौंडची गाडी विचारत विचारत शोधली आणि चढले. मॅडम मागं कुठंतरी, चिडीचूप. न्हावरा गाव मागं गेलं. पुढं भीमेच्या पुलावर चाकांचा आवाज बदलला, खिडकीतून ओलसर वारा आला. आणि त्या वाऱ्यात... तोच वास! तो गाडीत होता. पण बोलला नाही.

दौंडला उतरले. वसतिगृहाचा रस्ता मॅडमनी माझ्याकडून तोंडपाठ करून घेतला होता — स्टँडच्या भिंतीकडेनं सरळ, मग उजवीकडं. पण भिंतीकडेला नेमकं खोदून ठेवलेलं. काठीचं टोक खाली गेलं... खालीच गेलं. मी दचकून मागं सरले, इकडं वळले, तिकडं वळले आणि दिशाच हरवून बसले. हॉर्न, रिक्षावाल्यांचा गलका...

वास अगदी जवळ आला होता. आता हा मला धरणार, असं वाटलं. खरं सांगते, मला तो हात हवासा वाटत होता, आणि तरी मी मनातल्या मनात देवाला विनवत होते, नको रे, त्याला हात लावू देऊ नको.

त्यानं नाही लावला.

तेवढ्यात रेल्वेचं इंजिन ओरडलं. स्टेशन! ते माझ्या डाव्या हाताला हवं होतं, आणि आवाज तर पाठीमागून आला. म्हणजे मी चुकीच्या दिशेला तोंड करून उभी होते. वळले. पुढं एका रिक्षावाल्या मामांना विचारलं, त्यांनी सांगितलं तशी चालत राहिले. शेवटी काठी वसतिगृहाच्या लोखंडी फाटकाला टणकन लागली.

"आली रं माझी वाघीण!"

आप्पा! माझ्या आधीच येऊन फाटकात उभे होते. "ऱ्हा हितं, बाई. शिक," म्हणाले, नाक पुसलं, आणि मॅडमबरोबर आत वसतिगृहाच्या बाईंना भेटायला गेले.

"इंद्रजीत हाय. बोलू का?"

"आता? खड्ड्यापाशी तर तोंड शिवलं होतंत!"

"रुमाल कोंबला हुता तोंडात. तुमी मागं सरला न्हाई तवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता."

"आणि पडले असते तर?"

"तर मीबी उडी मारली असती..." तो थांबला. "आधी इचारून."

मला हसू फुटलं. तो मात्र हसला नाही.

"सुलक्षणा... तुमी मला आवडता. लय आवडता. पयल्या दिवशी शेळीवरनं झापलंत ना, तवापासनं."

मी काठीची घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"नीट उभे राहा."

"कशाला? पोचलाय की तुमी. आता कुठं जायचंय?"

"कुठंच नाही," मी म्हटलं आणि त्याचा कोपर धरला.

तो जागचा हलेना. मग हळूच म्हणाला, "सोडणार कवा?"

"ते मी अजून ठरवलं नाही."