सुतळी बांधलेलं दार

"ओट्यावरचं कपाट बंद करत जा, कुणाचं तरी कपाळ फुटेल," नवरा म्हणाला होता. कडेवर बाळ घेऊन दूध-पावडरीचा डबा एका हातानं काढायचा, तर दार कुठल्या हातानं लावणार? तिनं ते कानाआड केलं.

काही दिवसांनी सासऱ्यांचं घड्याळ नाहीसं झालं. त्यांनी आळ घेतला घरकामाच्या ताईंवर. एरवी ते त्यांना 'पोरी' म्हणत. ताई दारात रडत उभ्या. तिला राहवेना. खासगी तपासाची कामं घेणाऱ्या मावशीला तिनं बोलावून घेतलं.

मावशीचा मदतनीस गोटूभाऊ आल्याआल्या ताईंच्या पिशवीकडे बघू लागला. ताईंनी ती स्वतःच उपडी केली. दीर म्हणाला, "मी घड्याळ चोरून काय करू? मला वेळ पाळता येते कुठे?"

सासरे पंख्याखाली कानटोपी घालून बसले होते. हनुवटीवर कापूस. सकाळी दाढी करताना कापलेलं अजून ओलं होतं.

"हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना, तेव्हापासून असंच," ती म्हणाली.

बाळ किरकिरायला लागलं. कपाटाची सुतळी सोडून तिनं डबा काढला. आत खडखडलं.

"चमचा असेल."

चमचा तर बेसिनजवळ पडला होता.

"सुतळी कुणी बांधली?" मावशीनं विचारलं.

"ह्यांनीच."

"मी? मला वाटलं तू," नवरा म्हणाला.

मावशीनं डब्यात हात घातला आणि पावडरीनं माखलेलं घड्याळ वर काढलं.

"म्हणजे चोर बाळ?" गोटूभाऊ म्हणाला.

"चोर कुणीच नाही रे. उघडं दार हिच्या सासऱ्यांच्या डोक्याला लागलं. नातवाला लागू नये म्हणून सुतळी बांधली, सुनेला बोल लागू नये म्हणून टोपी घातली. पण घड्याळ डब्यात टाकून विसरणं, पोरीला चोर म्हणणं, हा नुसता विसरभोळेपणा नव्हे. हनुवटीचं रक्त सकाळपासून थांबत नाही, तर डोक्याच्या आतलं थांबलं असेल?"

सुनेनं हलकेच सासऱ्यांची टोपी काढली. सुपारीएवढं टेंगूळ.

"एवढंसं तर आहे," सासरे पुटपुटले. "सूनबाईला काही बोलू नका."

गाडीत ती त्यांचा हात घट्ट धरून बसली. स्कॅनमध्ये कवटीखाली साचलेलं रक्त दिसलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत.

उपचार होऊन घरी परतल्यावर सासऱ्यांनी ताईंसमोर हात जोडले. "पोरी, चुकलं माझं."

सुतळी अजून तिथेच आहे. तुमच्या घरात कुणी रक्त पातळ करायची गोळी घेत असेल, तर आत्ता उठा आणि विचारा, डोक्याला कुठे लागलं का? 'नाही' म्हणाले, तरी टोपी काढून बघा.