रिकाम्या रस्त्यावरचा वेग

जरा जवळ सरका, म्हणजे मला आवाज चढवावा लागणार नाही. हे माझ्या धाकट्या साडूवर बेतलं. वाहतूक पोलिसांत हवालदार होता तो. गेल्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार, नुकताच अंधार पडलेला. नव्या स्पीडगनची बॅटरी किती टिकते तेवढं बघायचं आणि घरची वाट धरायची, एवढंच काम उरलं होतं.

जागा त्याची ठरलेली. वळण संपतं तिथे झाडाआड जीप लावायची. साठच्या वेगमर्यादेची पाटी वळणाच्या आधी, फांद्यांत बुडालेली. गन रोखली की समोरच्या गाडीचा वेग आणि अंतर पडद्यावर येतं, फोटो निघतो, दंडाचा मेसेज थेट मालकाच्या मोबाइलवर. पुढे हुज्जत घालायची सोयच नाही. तरी याला स्वतः रस्त्यात उतरून गाडी अडवायची भारी हौस.

त्या संध्याकाळी शेवटी सापडला एक टेम्पोवाला.

“पाटी दिसतच नाही, साहेब.”

“ते कोर्टात सांग.”

“कोर्टात तुम्ही काय सांगता, ठाऊक आहे. तो मोटरसायकलवाला पोरगा तुम्ही एकदम आडवे आलात म्हणून जिवानिशी गेला. मी त्याच्या मागेच होतो. साठच्या आत होता तो. तेव्हा ही गन नव्हती, तुम्ही तोंडीच ब्याण्णव सांगितलंत.”

साडूचा चेहरा ताठ झाला. “निघ. नाहीतर टेम्पोसकट आत टाकीन.”

टेम्पोवाला त्याच्या बुटांपाशी थुंकला आणि निघून गेला.

साडू दातओठ खात वळणाकडे फिरला. आता जो येईल त्याला सोडायचा नाही, असं म्हणत त्याने गन रोखली. रस्ता मोकळा होता. ना दिवा, ना आवाज.

गन वाजली.

वेग अठ्ठावन्न. अंतर तीनशे मीटर.

त्याने गनवर थाप मारली, पुन्हा रोखली. अठ्ठावन्न. अंतर दोनशे.

जीपच्या ड्रायव्हरने काच खाली केली. “कोण येतंय, साहेब?”

“कुणी नाही.”

“मग गन कशाला वाजतेय?”

साडूने पडद्यावरचं अंतर पाहिलं.

एकशे वीस.

बाजूला व्हावं, असं त्याला वाटत होतं. पाय मात्र रस्त्याच्या मधोमध गेले.

सत्तर… वेग तोच.

तीस…

त्याचा हात आपोआप वर झाला. थांब म्हणून.

दहा…

“साहेब… हात कुणाला दाखवताय?”

चार…

अंतर शून्य. वेग अठ्ठावन्न.

मग काहीच नाही. रातकिडेसुद्धा नाहीत.

ड्रायव्हरने त्याला दंडाला धरून जीपमध्ये बसवलं. वाटभर तो एकच बोलत राहिला, “थांबला नाही रे… थांबला नाही…”

अंगावर ओरखडा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने जाऊन जबाब बदलला, खोटा वेग सांगितल्याचं कबूल केलं. चौकशी लागली, नोकरी गेली. बायको विचारून थकली. त्या रात्रीचं तो काही सांगेना.

मला सांगितलं, कारण त्या रात्री अंगात असलेलं त्याचं चमकणारं जाकीट घरात कुणी ठेवून घेईना. ते आमच्या माळ्यावर आहे. छातीवर टायरचा ठसा आहे, चिखलाचा. तेव्हा महिनाभर पाऊस नव्हता.

आज सकाळी मी बोट लावून पाहिलं…

चिखल अजून ओला आहे.