बटाटा आणि चांदगोळा

"खिळा बारीक घे. भोक मोठं झालं तर भिंतीवर सूर्य नाही, नुसता उजेड पडेल," हिस्के म्हणाली.

"त्यापेक्षा घरून चाळणी आण ना. तिला आयती भोकं असतात," फेड्डे म्हणाला. फेड्डे तिचा मावसभाऊ, वय वर्षं दहा, आणि कष्ट वाचवण्यात गावात पहिला.

ओस्टरझाइलच्या बंदरावर, लाकडी बाकावर पुठ्ठे पसरून तिघांचा कारखाना चालू होता. तिसरा होता योरिट, बेकरीवाल्या तेर्पस्ट्राबाईंचा मुलगा. उन्हाळ्याची सुट्टी, शनिवारची सकाळ, आणि येत्या बुधवारी संध्याकाळी चक्क सूर्यग्रहण! नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे बघायचं नाही अशी शाळेने सक्त ताकीद दिली होती, म्हणून ही भोकांची तयारी. भोकातून आलेला सूर्य पाठीमागच्या भिंतीवर पडतो आणि डोळे शाबूत राहतात.

"ए, तो बघा चंद्र," फेड्डेने हात वर केला. "सकाळी नऊ वाजता कुठे भटकतोय?"

निळ्या आकाशात, चर्चच्या मनोऱ्याच्या डावीकडे, फिकट कोर दिसत होती. कापलेल्या नखाएवढी.

हिस्केने कोर पाहिली, आणि मग तिची नजर मनोऱ्यावर गेली. तिथे घड्याळाच्या खाली चांदगोळा होता. मोठ्या भोपळ्याएवढा गोळा, अर्धा सोनेरी, अर्धा काळा. घड्याळाला किल्ली देताना रोज एकदा दांडा ओढला की आतली चक्रं त्याला एक दाता फिरवत, अशी महिन्याला एक फेरी. आकाशात पौर्णिमा असली की बंदराकडे पूर्ण सोनेरी बाजू, अमावास्येला पूर्ण काळी. तीनशे वर्षं कोळी लोक त्याच्याकडे बघून बोटी काढत आले होते. गेल्याच बुधवारी तो नवा मुलामा देऊन परत बसवला होता.

"योरिट, गोळा किती सोनेरी आहे?"

"जवळजवळ सगळा. का?"

"आणि चंद्र?"

योरिटने वर पाहिलं, खाली पाहिलं, परत वर पाहिलं. "आयला," तो म्हणाला.

आता ही गोष्ट तिघांतच राहिली असती तर बरं झालं असतं. पण फेड्डेच्या पोटात काही राहत नाही. पाव आणायला बेकरीत शिरल्या शिरल्या त्याने जाहीर केलं, "बाई, तुमचा गोळा बिघडलाय! चंद्र बारीक होतोय आणि तो जाडा होत चाललाय!"

दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती, आणि कोपऱ्यात कॉफी पीत बसलेले वोबे आजोबा होते. वोबे आजोबा म्हणजे हिस्केच्या आईचे काका. एकेचाळीस वर्षं मनोऱ्यावरच्या घड्याळाला तेच किल्ली देत होते.

तेर्पस्ट्राबाई मनोरा-दुरुस्ती समितीच्या अध्यक्ष होत्या. त्या बाहेर जाऊन वर बघून आल्या. परत आल्या तेव्हा गाल लाल झाले होते.

"ग्रहण अमावास्येलाच होतं ना? मग बुधवारी गोळा काळा हवा. आणि हा तर पौर्णिमेला निघालाय! टीव्हीवाले येणार आहेत, वोबे. काय केलंत तुम्ही?"

"मी रोजच्यासारखी किल्ली दिली, ग्रीत."

"एकदाच दिली, की पंधरा वेळा? परवा पाव घेतलात आणि पिशवी इथेच विसरून गेलात. गेल्या महिन्यात किटली करपवलीत. मी दोष देत नाही, वय आहे तुमचं. मंगळवारी माणूस बोलावते, विजेची मोटर बसवून टाकू. जुना दांडा कापला की कुणाला जिने चढायला नकोत."

बाई तशा दुष्ट नव्हत्या, पण त्यांचं तोंड त्यांच्या डोक्याच्या चार पावलं पुढे धावायचं. वोबे आजोबांनी खिशातून मनोऱ्याच्या किल्ल्या काढल्या, गल्ल्याशेजारी ठेवल्या आणि निघून गेले. हिस्केने फेड्डेकडे असं पाहिलं की त्याने पाव न घेताच काढता पाय घेतला.

आजोबा परसात बटाटे सोलत बसले होते. तिघं जाऊन समोर उभी राहिली.

"आजोबा, मी मुद्दाम नाही बोललो," फेड्डे पुटपुटला.

"खरं तेच बोललास. बस." त्यांनी एक बटाटा काट्याला टोचून त्याच्या हातात दिला. "चंद्र दिसतोय? त्याच्याच दिशेने हात लांब करून बटाटा धर. आता बटाट्याची कुठली बाजू उजळली आहे?"

फेड्डेने एक डोळा मिटला. "डावीकडे, थोडीशी. बाकी सावलीत. अरे, बटाट्याची कोर झाली! अगदी चंद्रासारखी!"

"दोघांवर ऊन एकाच सूर्याचं पडतंय ना. चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो. त्यातला आपल्याला किती दिसतो तेवढीच काय ती कला. चंद्र काही झिजत नाही, आपल्याभोवती फिरतो."

"आणि ग्रहण?" योरिटने विचारलं.

"बटाटा सूर्याच्या बाजूला घे. वर बघू नकोस, फक्त सावली कुठे पडते ते सांग."

बटाट्याची सावली फेड्डेच्या नाकावर पडली.

"झालं तुझ्या नाकावर सूर्यग्रहण," आजोबा म्हणाले. "आता सूर्याकडे पाठ कर आणि बटाटा समोर धर."

"आता माझ्या डोक्याची सावली बटाट्यावर पडली."

"ते चंद्रग्रहण. आता हात जरा वर उचल."

बटाटा सावलीतून वर आला आणि लख्ख उजळला.

"ही साधी पौर्णिमा. चंद्राची वाट जराशी तिरकी आहे. बहुतेक वेळा तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निसटतो. म्हणून दर अमावास्येला आणि पौर्णिमेला ग्रहण होत नाही."

हे सांगताना आजोबांचा चेहरा खुलला होता. पण बटाटा परत घ्यायला ते वाकले आणि वरच्या खिशातून एक चिठ्ठी खाली पडली. हिस्केने ती उचलली. ठळक अक्षरांत लिहिलं होतं: वोबे. चर्चमागचं हिरवं दार. हिस्केच्या आईला फोन करा.

"हे काय आहे, आजोबा?"

"आत्ताच लिहिली." त्यांनी चिठ्ठी घडी करून परत खिशात ठेवली. "माझा मोठा भाऊ असाच आधी किटली विसरला, मग घराचा रस्ता विसरला. एखाद्या सकाळी मी पंधरा वेळा दांडा ओढला असेल आणि मला आठवत नसेल, तर मग मला काय काय आठवत नसेल? मोटरचं मला काही नाही, पोरी. मला माझीच भीती वाटते."

हिस्के शेजारी बसून बटाटे सोलू लागली. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

रविवारी सकाळी ती दोघांना घेऊन धक्क्यावर गेली. जाळं शिवत बसलेल्या सिएर्ककाकांना योरिटने विचारलं, "काका, गोळा बिघडलाय म्हणे."

"कोण म्हणतं? गेल्या बुधवारी अर्धा सोनेरी होता, तेव्हा भरती अगदी सुस्त होती. आता भरत चाललाय, तसं पाणीही चढतंय. येत्या बुधवारच्या सुमारास उधाण येणार. गोळा एकदम बरोबर आहे."

"अहो, पण बुधवारी अमावास्या आहे!"

"असेल की. अमावास्या असो नाहीतर पौर्णिमा, उधाण दोन्हीला सारखंच. आम्ही काळा-सोनेरी बघतच नाही. अर्धा आहे की अख्खा, तेवढं बघतो."

हिस्के धक्क्यावर मटकन बसली.

"काय गं? चक्कर आली का?" फेड्डेने विचारलं.

"गप्प बस, मला विचार करू दे. आजोबांनी चुकून चार-पाच दाते जास्त फिरवले असते तर भरतीचंही गणित चुकलं असतं. ते तर चुकलेलंच नाही. म्हणजे गोळा दोन दिवसांनी नाही, चार दिवसांनी नाही, बरोबर अर्ध्या फेरीने चुकलाय. काळ्याच्या जागी सोनेरी आणि सोनेरीच्या जागी काळा."

"म्हणजे कुणीतरी तो उलटा बसवला," योरिट हळूच म्हणाला. "आणि बसवला तेव्हा अष्टमी होती. चंद्र अर्धा, गोळा अर्धा. सगळे खूश. डावा अर्धा की उजवा अर्धा, कुणी बघितलंच नाही."

"पण तुझी आई म्हणेल, आजोबांनीच पंधरा वेळा ओढला दांडा. पुरावा कुठे आहे?" फेड्डेने विचारलं. प्रश्न बरोबर होता, म्हणून दोघांना त्याचा रागच आला.

योरिट नखं कुरतडत राहिला. मग एकदम उभा राहिला. "आमच्या दुकानात फोटो आहे. काचेत लावलाय, हा एवढा मोठा. रोज बघतो मी तो."

तिघं धावत सुटली.

फोटो गेल्या बुधवारी, गोळा बसवला तेव्हा, सकाळी नऊला काढलेला होता. क्रेनच्या पाळण्यात तेर्पस्ट्राबाई हसत उभ्या, शेजारी नवा कोरा चांदगोळा. ऊन डावीकडून येत होतं, त्यामुळे मनोऱ्याची डावी कड उजळली होती. आणि मनोऱ्याच्या वर, निळ्या आकाशात, सगळ्या गावाने चार दिवस पाहूनही न पाहिलेला अर्धा चंद्र होता. त्याचाही डावा अर्धा भाग उजळलेला. उजवीकडे सोनं होतं ते फक्त गोळ्याला.

"आई," योरिटने हाक मारली, "किल्ल्या आजोबांना कधी दिल्यास?"

"बुधवारी संध्याकाळी, काम संपल्यावर. दुरुस्ती चालू होती तो महिनाभर माझ्याकडेच होत्या. का रे?"

"मग सकाळी नऊ वाजता गोळा कुणी बिघडवला?"

बाई पिठाचे हात पुसत बाहेर आल्या. फेड्डेने बटाटा आणलाच होता. काटा उन्हात धरून त्याने त्यांना डावं-उजवं समजावलं, इतक्या गंभीरपणे की जणू शाळा त्याचीच आहे. बाईंनी बटाट्याकडे पाहिलं, फोटोतल्या चंद्राकडे पाहिलं, मग फोटोतल्या स्वतःच्या हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं. या वेळी त्यांनी आधी विचार केला आणि मग तोंड उघडलं. योरिटच्या म्हणण्याप्रमाणे हे पहिल्यांदाच घडत होतं.

"कारागीर मला विचारत होता, कुठली बाजू पुढे," त्या शेवटी म्हणाल्या. "मीच म्हटलं, अर्धा आहे ना, बसव कसाही, फोटोवाला खोळंबलाय."

त्यांनी ॲप्रन काढला, किल्ल्या घेतल्या आणि दुकान गिऱ्हाइकांवर सोडून थेट चर्चमागच्या हिरव्या दारापाशी गेल्या.

"वोबे, चूक माझी होती. तुम्ही काहीही विसरला नव्हता. आणि मी भर दुकानात तुम्हाला नको ते बोलले. माफ करा."

आजोबा दारात उभे राहून ऐकत होते. "काहीही नाही?" त्यांनी विचारलं.

"पिशवी विसरलात. पण ती तर मीही विसरते."

मंगळवारी मोटरवाला माणूस आला, त्याला केक खायला घालून परत पाठवलं. त्याच्यासोबत आलेली क्रेन मात्र थांबवून घेतली आणि गोळा अर्धी फेरी फिरवून बसवला.

बुधवारी संध्याकाळी सगळं गाव बंदरावर लोटलं. बेकरीच्या पांढऱ्या भिंतीवर कलतं ऊन पडलं होतं. मनोऱ्यावरचा गोळा काळाकुट्ट होता, आणि सात वाजून गेल्यावर चंद्राने सूर्याचा पहिला तुकडा खाल्ला. फेड्डेने चाळणी उंच धरली तसे भिंतीवर शेकडो छोटे सूर्य उमटले, एकूणएक चावा घेतलेल्या बिस्किटासारखे. टीव्हीवाल्यांसमोर तेर्पस्ट्राबाईंनी तिघांना पुढे ढकललं आणि सांगितलं, "आमच्या समितीत नऊ माणसं आहेत. आकाशाकडे फक्त या तिघांनी पाहिलं." सिएर्ककाकांनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. फेड्डे इतका फुगला की चाळणी वाकडी झाली.

हिस्के गर्दीतून आजोबांना शोधत गेली. ते भिंतीजवळ एकटेच उभे होते, किल्ल्या कमरेला अडकवून.

"पुठ्ठा देऊ, आजोबा?"

"आहे माझ्याकडे." त्यांनी वरच्या खिशातून ती चिठ्ठी काढली. फेड्डेकडून खिळा मागून घेतला, नावाच्या बरोबर मधोमध भोक पाडलं आणि चिठ्ठी उन्हात धरली. हिस्केच्या तळहातावर सूर्याची इवलीशी कोर येऊन पडली.

"आजोबा, चिठ्ठी फाटली की," फेड्डे म्हणाला.

"फाटू दे," वोबे आजोबा म्हणाले. "मला घर माहीत आहे."